भिंतीपलीकडची खरखर

रेडिओ केंद्राचं पत्र आलं तेव्हा बाबांचा आवाज जाऊन सात महिने झाले होते. घशाचं ऑपरेशन करून मुंबईच्या डॉक्टरांनी त्यांचा जीव वाचवला होता, पण गळ्याला भोक पाडून. श्वास तिथून घ्यायचा, तोंडातून शब्द नाही. पत्रात चार ओळी होत्या. पाच वर्षांपूर्वी ध्वनिमुद्रित केलेली दोन लोकगीतं येत्या बुधवारी सकाळी साडेदहाला पुन्हा प्रसारित होणार होती. मी ते मोठ्याने वाचलं. आई स्टोव्हपुढून उठली, हात न पुसताच तिने पत्र माझ्याकडून घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं.

"म्हंजे ह्यांचा आवाज लागणार?" तिने विचारलं.

बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला होते आणि उरलेल्या वेळात गायचे. आमच्या बौद्धवाड्यांमधल्या जयंतीच्या कार्यक्रमांत, लग्नांत, नामकरणांत त्यांची गायन पार्टी असायची. एका ओळखीच्या माणसाने ऑडिशनला नेलं आणि एकदाच ते रेडिओवर गायले. पहिल्यांदा लागलं तेव्हा अख्खी बराक आमच्या दारात जमली होती. कुणाच्याही डोक्यात आलं नाही की हे टेप करून ठेवावं. माणूस समोर धडधाकट गात असताना त्याचा आवाज डबीत कोण भरून ठेवतो? सात महिन्यांनंतर आमच्या घरात त्यांच्या आवाजाचा एक कणसुद्धा नव्हता. आई कधीकधी म्हणायची, "मला आता तो आठवंना झालाय, गं." हे ती बाबा झोपलेत अशी खात्री करूनच म्हणायची. बाबा झोपलेले नसत.

म्हणजे बुधवारची दहा मिनिटं. ती गेली असती तर पुन्हा कधी, याला उत्तर नव्हतं. मामाचा टेपरेकॉर्डर मागून आणायचा, रेडिओसमोर ठेवायचा, आणि ते टेप करायचं. एवढं सोपं काम. पण आमच्या घरी रेडिओ ऐकू येत नव्हता. मामाकडे जाऊन टेप करता आलं असतं, पण बाबांना तिथवर नेणं शक्य नव्हतं, आणि त्यांच्याशिवाय आई ऐकणार नव्हती.

बाबा इस्पितळातून घरी आले त्याच महिन्यापासून आमच्या रेडिओत खरखर घुसली होती. मुंबई केंद्र लावलं की मागे एक जाड, सलग गुरगुर. निवेदक बोलतो आहे एवढं कळायचं, काय बोलतो आहे ते कान लावून ओळखायचं. आणि त्याच महिन्यात भिंतीपलीकडच्या सेठने पायाच्या शिलाई मशीन काढून मोटारीच्या आणल्या होत्या.

आम्ही उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये लष्कराच्या जुन्या बराकीत राहत होतो. आमच्या दोन खोल्या, आणि सामाईक भिंतीच्या पलीकडे सेठचा तयार कपड्यांचा कारखाना. कारखाना म्हणायचं इतकंच, सहा मशीन आणि एक कटिंगचं टेबल. सेठ सिंधी, पन्नाशीचा, गळ्यात मोजपट्टी घालून फिरणारा. बाबा गायचे तेव्हा भिंतीपलीकडून टेबलावर ठेका धरायचा. मी त्याला लहानपणापासून काका म्हणत आले होते. मोटारी आल्या आणि मी सेठ म्हणायला लागले.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. मी अंबरनाथला आयटीआय केलं होतं, इलेक्ट्रॉनिक्स, आमच्या तुकडीतल्या तीन मुलींपैकी एक, आणि एका ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात कामाला लागले होते. मला वाटायचं, वीज ही माझी खाजगी मालमत्ता आहे. रागही तसाच, नेहमी नाकाच्या शेंड्यावर. बाबांना बोलायचं असलं की ते पाटीवर लिहीत. त्यांचं अक्षर सावकाश यायचं. दोन शब्द उमटेपर्यंत मी तिसरा बोलून मोकळी. "पा" लिहिलं की पाणी देत असे. त्यांना पान हवं असायचं. ते हसायचे, आवाजाशिवाय, आणि पाटी पुसायचे.

त्या खरखरीचा तपास मी रीतसर केला. खिशातला ट्रान्झिस्टर घेतला. त्याच्या पोटात एक काळी कांडी असते. ट्रान्झिस्टर गोल फिरवला की आवाज कमीजास्त होतो आणि कुठून येतो त्याचा अंदाज लागतो. मी तो हातात धरून घरभर फिरले. आईला वाटलं पोरीच्या अंगात आलं. सामाईक भिंतीवर मीटरची फळी होती, सेठचं मीटर आणि आमचं मीटर शेजारीशेजारी. तिथे ट्रान्झिस्टर नुसता किंचाळला. झालं. एक पुरावा.

दुसरा पुरावा शुक्रवारचा. आमच्याकडे कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते, आणि त्या दिवशी वीजवालेही दुरुस्तीसाठी दुपारपर्यंत लाइन बंद ठेवायचे. शुक्रवारी सकाळी सेलवर रेडिओ लावला की आवाज स्वच्छ, धुतल्यासारखा. सेठ बंद तर खरखर बंद. दुपारी लाइट आली की खरखरही यायची, आणि नेमका त्याच वेळी सेठ मोटारींना तेल घालायला आलेला असायचा. मला आणखी काय हवं होतं? पहाटे, कारखान्याला कुलूप असतानाही खरखर असायची. मी म्हणायचे, पाण्याचा पंप लावला असेल मेल्याने.

मी त्याला आधी नीट सांगितलं. प्रत्येक मोटारीला कंडेन्सर लावा, बारीकसा डबा असतो, मोटारीच्या ठिणग्या त्यात जिरतात. सेठने हिशेबाच्या वहीत त्याचं नाव माझ्याकडून लिहून घेतलं, बाजारातून सहा आणले आणि मीच सांगितलं तसे मिस्त्रीकडून बसवून घेतले. खरखर तसूभर कमी झाली नाही. मग मी नीट बोलणं सोडलं. दारात उभी राहून म्हटलं, तुम्ही ते रात्री काढून ठेवता. त्याने मला आत नेऊन एकेक मोटार उलटी करून दाखवली. मी म्हटलं, स्वस्तातले आणले असतील. बराकीतल्या आठ घरांच्या सह्या घेऊन मी वीज कार्यालयात अर्ज दिला. एक वायरमन आला, सेठकडे चहा प्यायला, गेला. त्यानंतर सेठची बायको आईला नळावर पाहून तोंड फिरवायला लागली. आई मला म्हणाली, "एवढं नको ताणूस. शेजार हाये." मी म्हटलं, "तूच शेपूट घालतेस म्हणून ते डोक्यावर बसतात."

पत्र आल्यावर मात्र मला त्याच्याकडे जावं लागलं. अर्ज दिल्यापासून बोलणं बंद होतं. तो कापड बेतत होता.

"बुधवारी साडेदहाला बाबांची गाणी आहेत रेडिओवर," मी म्हटलं. "अर्धा तास मशीन बंद ठेवाल?"

"बुधवारला माझी डिलिवरी आहे, बेटी. पार्टी बारा वाजता टेम्पो घेऊन येणार." त्याने कात्री खाली ठेवली. "पर गाना उनका है ना? तो मग बंद. अर्धा घंटा नाय, पूरा घंटा बंद. मी स्वतः मेन काढतो."

मी आभार मानले नाहीत. मनात आलं, बघू काढतोस का.

बुधवारी मी रजा टाकली. टेपरेकॉर्डरला नवे सेल घातले, रेडिओलाही, म्हणजे ऐन वेळी लाइट गेली तरी चिंता नको. मामाच्या टेपला रेडिओची वायर जोडायची सोय नव्हती, त्याच्या पोटातल्या माइकवरच भिस्त. म्हणून खोलीत चिडीचूप हवं होतं. स्टोव्ह बंद. भिंतीवरचं घड्याळ काढून मी पिठाच्या डब्यात ठेवलं. ट्यूब बंद, टीव्हीची पिन काढली. आमचाही मेन स्विच काढावा असं एकदा मनात आलं, पण बाबांचा पंखा होता. तो बंद करायचा नाही असा आमच्या घरचा नियम होता. गळ्यातून श्वास घेणाऱ्या माणसाला कोंडलेल्या हवेत धाप लागते. जास्त वाराही सोसत नाही. तो पंखा दिवसरात्र मंद फिरायचा, आणि इतका मंद फिरावा म्हणून त्याचा रेग्युलेटर मी स्वतः बनवला होता. जुना काळा खोका काढून त्याच्या जागी काडेपेटीएवढी डबी. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला बोटाने ती दाखवायचे.

दहा वाजता बाबांनी पाटी घेतली. "पंखा" एवढं लिहिलं.

"गरम होतंय? वाढवते," मी म्हटलं आणि डबीचं बटण थोडं फिरवलं. त्यांनी मान हलवली, पुन्हा पेन्सिल टेकवली. "बाबा, आता नको. आता काही लिहू नका, पेन्सिलीचा आवाज येतो." मी पाटी काढून घेतली आणि बाजूला ठेवली.

सवादहाला पलीकडच्या मशीन थांबल्या. इतकी वर्षं त्या आवाजात राहून मला कधी कळलं नव्हतं की कामाच्या दिवशी आमच्या घरात शांतताही असू शकते. मी रेडिओ लावला.

खरखर होती. तीच, तेवढीच.

मी बटण थोडं इकडे, थोडं तिकडे केलं. रेडिओ उचलून खिडकीत नेला, परत आणला. आडवा ठेवला, उभा ठेवला. आईने पदर तोंडात धरला होता. दहा पंचवीस. दहा अठ्ठावीस. कुणाचं तरी भाषण संपलं, बासरीचा तुकडा लागला, मग निवेदिका. तिने बाबांचं नाव घेतलं. ते नाव गुरगुरीतून अर्धंच आलं. मी टेपची दोन बटणं एकदम दाबली आणि आईला खुणेने सांगितलं, हलू नकोस.

पहिलं गाणं सुरू झालं. ढोलकी कळत होती. बाबांचा आवाज तिथे होता, पण गिरणीच्या मागे उभा राहून कुणी गातंय तसा. आई पुढे वाकून रेडिओकडे बघत होती, ऐकू येत नसल्यावर माणूस बघतो तशी. एक कडवं गेलं. दुसरं गेलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते आनंदाचं नव्हतं. पहिलं गाणं संपलं.

माझं डोकं फिरलं. मी दारातून बाहेर पडले, तीन पावलांवर सेठचं दार. ते उघडंच होतं. आत अंधार. मला दिसत होतं तरी मी पाहिलं नाही. मी तोंड सोडलं.

काय बोलले ते मला शब्दन्‌शब्द माहीत आहे. का माहीत आहे ते पुढे सांगते. मी म्हटलं, "खोटारडे! एक दिवस, एक तास, तेवढंही नाही झालं तुमच्याकडून? माझ्या बापाचा आवाज गेलाय, उरलेला तुम्ही मारताय! तुम लोग ऐसेच हो! धंद्याच्या पुढे तुम्हाला माणूस दिसत नाही, तुम लोग..."

"तुम लोग." हे दोन शब्द आमच्या घरानं आयुष्यभर ऐकले होते. बाबांनी कारखान्याच्या कँटीनमध्ये, आईने भाड्याची खोली शोधताना, मी आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये. ते कसे लागतात हे मला चांगलं माहीत होतं. म्हणूनच मी ते वापरले. तोंडात दुसरं काही आलं नाही असं मी पुढे स्वतःला समजावलं, पण ते खरं नाही.

मग माझे डोळे अंधाराला सरावले. सहाही मशीनवर कारागीर हात मांडीवर ठेवून बसले होते. अर्धवट शिवलेले कपडे सुयांखाली. सेठ मीटरच्या भिंतीशी उभा होता, आणि त्याच्या मुठीत मेनचे फ्यूज होते. त्याने स्विच नुसता काढला नव्हता, फ्यूजसुद्धा काढून हातात धरले होते. त्याने मूठ उघडून मला दाखवली.

त्याच क्षणी माझ्यामागे, आमच्या घरात, खरखर थांबली.

हळूहळू कमी झाली नाही. थांबली. आणि बाबांचा आवाज बाहेर आला, भरलेला, खणखणीत, मला आठवत होता त्याहून तरुण. दुसऱ्या गाण्याची ओळ वर जात होती. कारागिरांपैकी कुणीतरी मान वर केली. मी वळून घरात धावले.

बाबा खाटेवर उभे होते. एक हात भिंतीला, दुसरा पंख्याच्या स्विचवर. पंख्याची पाती शेवटचे फेरे घेत होती. गळ्यावरचं मलमलचं फडकं आतबाहेर होत होतं, त्यांना धाप लागली होती. आईने पेपर घेऊन त्यांना वारा घालायला सुरुवात केली. मी स्विचकडे हात नेला तर त्यांनी माझा हात झटकला आणि बोट ओठांवर ठेवलं. ते तसेच उभे राहिले, घाम गळत होता, आपलंच गाणं ऐकत. चार मिनिटं. माझ्या आयुष्यात मी इतकी घाबरले नव्हते आणि इतकं सुंदर काही ऐकलंही नव्हतं.

गाणं संपलं, निवेदिका बोलली, मी टेप बंद केला आणि पंखा लावला. पंख्याबरोबर खरखर परत आली.

आयटीआयमध्ये मास्तरांनी त्या रेग्युलेटरची आकृती फळ्यावर काढली होती तेव्हा त्यात एक गुंडाळी होती. तांब्याच्या तारेची, सुपारीएवढी. ती नसली तर हे यंत्र आजूबाजूच्या सगळ्या रेडिओंची वाट लावेल, असं ते म्हणाले होते. माझ्या डबीत ती बसत नव्हती. बाबा घरी आले त्याच महिन्यात मी ती डबी केली, आणि लहान दिसावी म्हणून गुंडाळी गाळली. पंखा तिच्याशिवायही झकास फिरत होता. शुक्रवारी सेठचा कारखाना बंद असायचा हे मी पाहिलं, आमची लाइट बंद असायची, म्हणजे तो पंखाही बंद असायचा, हे पाहिलं नाही. शिलाईची मोटार पाय दाबेल तशी थांबत थांबत खरखरते. आमची खरखर सलग होती. कोणत्याही शिकाऊ पोराला कळलं असतं. मला कळून घ्यायचंच नव्हतं.

मी बाबांना पाटी दिली. "तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

या वेळी मी थांबले. ते लिहीत राहिले, मी वाट पाहत राहिले. त्यांनी लिहिलं, "तीन महिने. सांगत होतो."

त्यांनी एवढंच लिहिलं. रागाने नाही. मला रडू कोसळलं. ते पाटी पुसायला लागले तेव्हा मी ती धरून ठेवली.

टेम्पो गेल्यावर, दुपारी सेठ आमच्या दारात आला. मोजपट्टी गळ्यात तशीच. माल उशिरा दिला म्हणून पार्टीने त्याला काय सुनावलं ते आम्ही भिंतीतून ऐकलं होतं. मी उठून उभी राहिले. 

"आया क्या, साईं?" त्याने बाबांना विचारलं. "टेप में आया?"

बाबांनी मान डोलावली आणि बाजूची खुर्ची दाखवली. तो बसला. बाबांनी बोटाने आधी रेडिओ, मग माझी डबी दाखवली, पंखा बंद केला, कॅसेट मागे घेतली आणि लावली. पहिलं गाणं गुरगुरीत बुडालेलं. ते संपलं. आणि मग दाराबाहेरून, लांबून पण स्वच्छ, माझा आवाज आला. खोटारडे. एक दिवस, एक तास.

माइक पोटात असलेल्या टेपने खोलीतलं सगळंच घेतलं होतं. मी झेपावले आणि बटणाकडे हात नेला. बाबांनी माझं मनगट धरलं. ऑपरेशननंतर त्यांच्या हातात एवढी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं. सेठ खाली जमिनीकडे बघत सगळं ऐकत होता. "तुम लोग" पहिल्यांदा आलं. दुसऱ्यांदा आलं. मग खटका, स्विचचा, आणि बाबांचं गाणं स्वच्छ झालं. मागे पेपरची फडफड.

पूर्ण झालं तेव्हा मी म्हटलं, "काका, चुकलं माझं." माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

सेठ उठला. "आवाज एकदम साफ आया, साईं," तो बाबांना म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "वो कंडेन्सर राहू देतो मोटारला. बसवलेत तर बसवलेत." तो गेला. पुढच्या जयंतीला त्याने आमच्या घरी मिठाई पाठवली, बायकोही नळावर बोलायला लागली, पण मला पुन्हा कधी बेटी म्हणाला नाही. नावाने हाक मारायचा, अदबीने.

त्या आठवड्यात मी डबी मोठी केली आणि गुंडाळी बसवली. बाबा त्यानंतर दीड वर्ष होते. नंतर आम्ही बदलापूरला, खरवईच्या बाजूला घर घेतलं. आई तिथे अधूनमधून ती कॅसेट लावते आणि सुरुवातीपासून ऐकते. मी ती एकदा कारखान्यातल्या ओळखीच्या माणसाकडे नेली होती, ज्याच्याकडे टेप जोडायचं-कापायचं सामान होतं. म्हटलं, मधलं माझं ओरडणं तेवढं काढून दे.

त्याने कानाला हेडफोन लावून तो भाग चारपाच वेळा मागेपुढे केला. मग म्हणाला, "नाही जमणार, ताई. तुमचं 'लोग' संपायच्या आधीच, त्या खरखरीखाली, गाणं सुरू झालंय. ते कापलं तर त्यांचा पहिला शब्द जाईल."

मी कॅसेट तशीच घरी आणली.